शेक्सपीअर पायांनीं शिकतांना

शेक्सपीअरचें नाटक शिकवावयाचें म्हणजे शिक्षकानें खुर्चींत बसावें, विद्यार्थ्यांनीं बांकांवर बसावें, आणि मध्यें टीपांनीं लठ्ठ झालेलें एक पुस्तक उघडें पडलेलें असावें, ही पद्धति इंग्लंडांत आणि आपल्याकडे सारखीच रूढ होती. ती अद्यापिहि सर्वस्वीं गेली आहे असें म्हणवत नाहीं. एका ओळीखालीं चार टीपा, टीपेखालीं मतभेद, आणि मतभेदांतून विद्यार्थी वर डोकें काढतो तोंच तास संपल्याची घंटा! ज्या माणसानें आपलीं नाटकें नटांच्या हातीं दिलीं आणि तीं छापून ठेवण्याची स्वतः फारशी तसदी घेतली नाहीं, त्याच्या वांट्याला हें यावें, हा दैवाचा एक विनोदच म्हणावयाचा.

आतां याच नाटककाराचा दुसरा एक वर्ग श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. लंडनच्या पूर्वभागांतील एखादी शाळा. बांकें भिंतीशीं सारलेलीं. पंचवीस-तीस मुलें-मुली मोकळ्या जमिनीवर उभीं आहेत आणि प्रत्येकाच्या हातांत एकेक कागद आहे. कागदावर ‘मॅक्बेथ’ नाटकाच्या पहिल्या अंकांतील सातव्या प्रवेशाच्या आरंभींचें स्वगत आहे. अवघ्या २८ ओळी. या मुलांत पंधरा वर्षांचा एक मुलगा आहे असें समजावें. घरीं आई त्याच्याशीं बंगालींत बोलते, रस्त्यावर तो लंडनची इंग्रजी बोलतो, आणि शेक्सपीअरची इंग्रजी त्याला या दोहोंहून परकी वाटते. ती आपल्यासाठीं नाहीं, हा निकाल त्यानें मनाशीं केव्हांच देऊन टाकला आहे. इंग्लंडच्या माध्यमिक शाळांतून शेक्सपीअर सक्तीचा असल्यामुळें त्याची सुटका होत नाहीं, इतकेंच. प्रश्न परीक्षेंतील गुणांपुरता असता तर तो शिक्षकाला सोडवूं द्यावा, हेंच बरें. परंतु ज्या देशांत हा मुलगा जन्मला त्या देशाची वाङ्मयांतील सर्वांत मोठी ठेव त्याची स्वतःची आहे, कीं ती त्यानें केवळ कांचेच्या कपाटाबाहेरून पाहावयाची आहे, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

शिक्षक अर्थ सांगत नाहीं. तो एवढेंच सांगतो कीं, सर्वांनीं खोलीभर चालावें, चालतां चालतां हें भाषण मोठ्यानें वाचावें, आणि जेथें जेथें विरामचिन्ह येईल, मग तो स्वल्पविराम कां असेना, तेथें थांबून तोंड फिरवावें आणि दुसऱ्याच दिशेला चालूं लागावें. प्रथम हंशा पिकतो, खांद्याला खांदे लागतात, कोणी उगीच गिरक्या घेतो. दोनतीन ओळी जातात न जातात तोंच हंसें थांबतें. कारण मॅक्बेथचें हें स्वगत सरळ चालूंच देत नाहीं. राजाचा वध करावयाचा कीं नाहीं, या विचारानें तो पंगतींतून उठून बाहेर आलेला आहे. वाक्याला आरंभ होतो तो ‘जर’नें, त्या ‘जर’ला दुसरा ‘जर’ येऊन चिकटतो, ‘करणें’ या एकाच क्रियापदाचें रूप पहिल्या दोन ओळींत तीन वेळां येतें आणि प्रत्येक वेळीं त्याचा अर्थ थोडा सरकतो. वाचणाऱ्याला दोन पावलें टाकलीं कीं वळावें लागतें, चार टाकलीं कीं पुन्हां वळावें लागतें. मुलगा घामाघूम होतो. ‘हा माणूस एका जागीं कां ठरत नाहीं?’ असें तो त्रासून विचारतो. आणि शिक्षकाला जें फळ्यावर लिहून सांगतां आलें नसतें तें मुलाच्याच तोंडून बाहेर पडलेलें असतें.

पुढें जावें तों चाल बदलते. डंकन हा आपला आप्त आहे, राजा आहे आणि पाहुणाहि आहे, अशीं कारणें मॅक्बेथ मोजूं लागतो तेव्हां पावलें कांहींशीं सारखीं पडूं लागतात. मग नवजात अर्भकाची वाऱ्यावर आरूढ झालेली ती विलक्षण प्रतिमा येते. तेथें वाक्य लांबलचक होतें, विराम दुर्मिळ होतात, आणि मगाशीं अडखळणारीं मुलें खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरशः ओढलीं जातात. जो विचार भीतीनें तुटक होता तोच आतां त्या माणसाला आपल्यापुढें हांकून नेत आहे, हें समजण्यास टीप लागत नाहीं, धाप पुरते.

ही विरामाशीं वळण्याची कसरत इंग्लंडच्या नाट्यवर्गांत आज जुनी व परिचयाची झाली आहे, आणि तिच्या प्रसाराचें मोठें श्रेय सिसिली बेरी या बाईंकडे जातें. १९२६ सालीं जन्मलेल्या या बाई रॉयल शेक्सपीअर कंपनींत दीर्घकाळ वाणीशिक्षिका होत्या व २०१८ सालीं निवर्तल्या. ‘नट आणि त्याची वाणी’ अशा आशयाचें त्यांचें पहिलें पुस्तक १९७३ सालीं प्रसिद्ध झालें. वाणीशिक्षण म्हणजे स्वच्छ उच्चार, घुमारेदार आवाज आणि कुलीन ढब, ही कल्पना त्यांच्या वेळीं नाट्यशाळांत चांगलीच दृढ होती. बेरीबाईंनीं नटांना खुर्च्या उचलावयास लावल्या, पुस्तकें रचावयास लावलीं, एकमेकांना रोखून धरावयास लावलें आणि हें सर्व चालूं असतांना भाषण म्हणावयास लावलें. शब्द उच्चारावयाच्या आधीं तो शरीरांत कोठेंतरी निर्माण होतो, आणि नट जर शरीर घट्ट आवळून उभा राहील तर ओंठांशीं येतो तो शब्दाचा केवळ सांगाडा, असें त्यांच्या पद्धतीचें सार सांगतां येईल. ही पद्धति त्यांनीं नाटकगृहापुरती ठेवली नाहीं. तुरुंगांतून त्यांनीं काम केलें, आणि ब्राझील देशांत रिओ द जानेरोच्या टेकडीवरील गरीब वस्तींत उभ्या राहिलेल्या एका नाट्यमंडळीबरोबरहि केलें. ज्यांना ‘तुमच्यासाठीं हें नव्हे’ असें जन्मभर ऐकावें लागलें त्यांच्याकडे त्या हीच भाषा घेऊन गेल्या, हें विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

परंतु शाळेंतील मुलांना शेक्सपीअर उभ्यानें शिकवावा ही कल्पना त्यांच्याहून पुष्कळ जुनी आहे. केंब्रिज येथील पर्स स्कूलमध्यें हेन्री कॉल्डवेल कुक नांवाचे एक शिक्षक होते. १९१७ सालीं महायुद्ध चालूं असतां त्यांचें ‘खेळाचा मार्ग’ या अर्थाचें पुस्तक निघालें. लहान मुलांना त्यांनीं नाट्यासाठीं एक खास खोली मिळवून दिली, तीत एलिझाबेथकालीन धर्तीचा रंगमंच मांडला, आणि मुलांच्या हातीं पुस्तकाबरोबर लांकडी तलवारी दिल्या. ज्या वयांत मूल स्वस्थ बसूं शकत नाहीं त्याच वयांत त्याला बसवून नाटक शिकवणें हा वेडेपणा आहे, असें त्यांना वाटे. पुढें रॉयल शेक्सपीअर कंपनी १९६१ सालीं ज्यांनीं स्थापन केली ते पीटर हॉल याच शाळेचे विद्यार्थी. ते तेथें आले तेव्हां कुक निघून गेलेले होते; म्हणून यांतून कार्यकारणभाव काढूं नये. तरी योगायोग गोड आहे खरा.

कुक यांच्या रंगमंचाची आठवण झाल्यावर ज्या रंगमंचासाठीं ही भाषा घडली त्याकडे वळलें पाहिजे. ग्लोब नाटकगृह १५९९ सालीं थेम्स नदीच्या दक्षिणतीरीं उभें राहिलें आणि १६१३ सालीं जळालें. प्रयोग दुपारीं, दिवसाच्या उजेडांत होत. पडदे नाहींत, रंगविलेले देखावे नाहींत, तीन बाजूंनीं माणसें. रात्र झाली आहे हें नटानेंच सांगावयाचें, थंडी वाजते हें नटानेंच सांगावयाचें. आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं. नटाच्या हातीं संपूर्ण नाटक पडतच नसे. त्याला त्याच्या भाषणांची तेवढी एक लांब गुंडाळी मिळे, आणि प्रत्येक भाषणाच्या आधीं दुसऱ्याच्या भाषणांतील अखेरचे दोनतीन सूचक शब्द लिहिलेले असत. एडवर्ड ॲलन या त्या काळच्या प्रख्यात नटाची अशी एक गुंडाळी, शेक्सपीअरच्या नव्हे तर रॉबर्ट ग्रीनच्या एका नाटकांतील, लंडनमधील डल्विच कॉलेजांत आजहि जपून ठेवलेली आहे. तालमी थोड्या, दिग्दर्शक हा प्राणी तर जन्मालाच आलेला नव्हता. मग नटानें केव्हां गुडघे टेकावे, केव्हां हात धरावा, केव्हां दूर सरावें हें त्याला कोण सांगणार? तें भाषेनेंच सांगावें लागे. म्हणून तर लीअर राजा मरतांना एक बोंद सोडण्याची विनंति करतो. हात पुढें होण्याची सूचना त्या विनंतींतच आहे. या नाटकांतून कंसांतील रंगसूचना इतक्या थोड्या कां, याचें एक उत्तर असें कीं त्या भाषणाच्या आंत दडलेल्या आहेत.

त्या सूचनांपैकीं सर्वांत खोल दडलेली सूचना छंदाची. शेक्सपीअरचें पद्य बहुतांशीं निर्यमक, दहा अक्षरांच्या ओळीचें. अक्षरें एकाआड एक हलकीं आणि आघातयुक्त, म्हणजे ओळींत पांच ठोके. नाट्यवर्गांत मुलांना छातीवर हात ठेवावयास सांगून ‘हा पाहा, तुमच्या हृदयांतच हा छंद आहे’ असें सांगण्याची एक फार लोकप्रिय रीत आहे. पहिल्या दिवसासाठीं ती ठीक आहे. पण तिथेंच थांबलें तर मुलें सगळें भाषण घड्याळाच्या लंबकासारखें म्हणूं लागतात, आणि तें ऐकण्यापेक्षां टीपा बऱ्या वाटतात! खरी गंमत छंद पाळण्यांत नाहीं, तो जेथें मोडतो तेथें आहे. मुलांनीं ठोक्यावर पाऊल टाकीत चालावें. एखाद्या ओळीच्या प्रारंभींच ठोका उलटा पडला, किंवा दहांऐवजीं अकरावें अक्षर आलें, कीं पाऊल चुकतें, पाय लोंबकळत राहतो. पाय चुकला तेथें पात्राचेंहि कांहीं चुकलें आहे. कानाला जें सांगून पटत नाहीं तें घोट्याला लगेच पटतें.

ओळीच्या शेवटच्या शब्दाला पुठ्ठ्याच्या खोक्यावर लाथ मारावयाची, असाहि एक अभ्यास आहे. मुलांना तो अर्थातच सर्वांत आवडतो. लाथेमागील हेतु मात्र गंभीर आहे. आजच्या बोलण्यांत वाक्याचा शेवट खालीं पडतो, विरून जातो. शेक्सपीअर मात्र पुष्कळदां महत्त्वाचा शब्द ओळीच्या अगदीं शेवटीं ठेवतो आणि तेथून पुढच्या ओळींत उडी घेतो. लाथ मारण्यासाठीं शक्ति शेवटपर्यंत राखून ठेवावी लागते, आणि मग शेवटचा शब्द आपोआप उभा राहतो.

दोन पात्रांत वांटलेली ओळ हाहि असाच एक रंगसंकेत. डंकनचा खून करून मॅक्बेथ खालीं येतो तेव्हां त्याच्यांत आणि त्याच्या पत्नींत कांहीं अगदीं त्रोटक, एकेका दोन-दोन शब्दांचे प्रश्न होतात. आधुनिक संपादक ते प्रश्न जुळवून त्यांची एक ओळ करतात. वर्गांत दोन मुलांनीं चेंडू घ्यावा, शब्दाबरोबर तो फेंकावा आणि झेलतां झेलतांच उत्तर द्यावें; चेंडू हातांत क्षणभरहि थांबतां कामा नये. मग तोच प्रसंग दुसऱ्यांदा, चेंडू प्रत्येक वेळीं छातीशीं धरून, आवाज ऐकून, मग फेंकून. पहिल्या रीतीनें दोघें एकाच भीतीनें पळत आहेत असें दिसतें. दुसरीनें दोघांच्या मध्यें अंधार शिरतो. कोणती खरी? ओळ एक धरली तर पहिली. पण छापील प्रतींत ते उद्गार सुटे सुटे आहेत, आणि सुटे धरले तर दुसरी. चौदा वर्षांचीं मुलें संपादकांच्या वादांत अशा रीतीनें न कळत येऊन पडतात.

रोमिओ आणि ज्यूलिएट यांची पहिली भेट चौदा ओळींच्या एका सुनीतांत घडते. पहिल्या चार ओळी त्याच्या, पुढील चार तिच्या, आणि मग वांटा एकेका ओळीवर येतो. तळव्याला तळवा लावून उभें राहावें आणि बोलणाऱ्यानें किंचित् रेटावें, ऐकणाऱ्यानें रेट सोसावा, एवढेंच सांगितलें कीं ओळी लहान होत जातात तसें अंतर कमी होत जातें हें त्या तळव्यांना कळतें. लाजऱ्या मुलांच्या वर्गांत हा प्रसंग म्हणजे शिक्षकाच्या कौशल्याची कसोटी असते. तळव्यांच्या मध्यें एखादी काठी धरावयास देणें हा त्यावरील जुना आणि शहाणपणाचा तोडगा.

शरीराच्या गतीला नांवें देण्याचें काम रुडॉल्फ लाबान यानें केलें. १८७९ सालीं आजच्या ब्रातिस्लाव्हा शहरीं जन्मलेला हा नृत्यविचारक जर्मनी सोडल्यानंतर १९३८ सालीं इंग्लंडांत येऊन स्थिरावला. युद्धकाळांत त्यानें कारखान्यांतील कामकऱ्यांच्या हालचालींचा अभ्यास केला आणि एफ्. सी. लॉरेन्स यांच्यासह १९४७ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. हालचाल जोरदार कीं हलकी, एकाएकीं कीं सावकाश, सरळ कीं वळणावळणाची, या तीन प्रश्नांचीं दोन-दोन उत्तरें धरलीं कीं आठ प्रकार होतात: ठोसा मारणें, दाबणें, फटकारणें, पिळणें, टोंचणें, सरकणें, झटकणें आणि तरंगणें. ओझीं उचलणाऱ्यांसाठीं केलेली ही वर्गवारी नाट्यशाळांनीं शब्द उचलण्यासाठीं घेतली. लेडी मॅक्बेथ नवऱ्याच्या भित्रेपणावर तुटून पडते तें भाषण एका मुलीनें ठोसे मारीत म्हणावें, दुसरीनें ओला कपडा पिळावा तसें म्हणावें. ठोशांची बाई संतापलेली निघते. पिळणारी बाई भयंकर निघते; तिला नवऱ्याचें काळीज कोठें आहे हें ठाऊक आहे.

शब्द आणि श्रम यांची ही सांगड मराठी माणसाला नवी वाटण्याचें कारण नाहीं. जात्याचा खुंटा फिरतो त्या ओघांत ओवीची लय घडलेली आहे, आणि दिंडींतील वारकऱ्याचें पाऊल अभंगाच्या लयीवर पडतें. तथापि आपल्या रंगभूमीनें शेक्सपीअर पुष्कळदां गद्याच्या दारानें आंत घेतला. गोविंद बल्लाळ देवलांचें ‘झुंझारराव’ हें ‘ऑथेल्लो’वरून झालेलें आणि आगरकरांचें ‘विकारविलसित’ हें ‘हॅम्लेट’वरून, दुसऱ्यांतील गणपतराव जोशी यांचें काम दंतकथेसारखें झालें. त्या नटाला पांच ठोक्यांची ओळ हाताशीं नव्हती. त्याला वाक्याची लय स्वतःच्या श्वासांतून नव्यानें घडवावी लागली असली पाहिजे.

या सगळ्या धांवपळीवर आक्षेप आहेत आणि ते सगळेच आळशी माणसांचे नाहींत. पहिला असा कीं, मुलें नाचलीं, घामेजलीं, पण अर्थ समजलीं कोठें? अवघड शब्द धांवल्यानें सोपा होत नाहीं; त्याचा अर्थ कोणीतरी सांगावाच लागतो. हें खरें आहे. कसरत झाल्यावर कागदाकडे परत न जाणारा वर्ग म्हणजे व्यायामशाळा. दुसरा आक्षेप विद्वानांचा: ज्या विरामचिन्हांशीं मुलें इतक्या निष्ठेनें वळतात तीं शेक्सपीअरचीं कशावरून? १६२३ सालचा पहिला फोलिओ छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्यांच्या हातून गेला आहे, आणि आजच्या प्रतींत संपादकांनीं आणखी फेरफार केले आहेत. हेंहि खरें. पण चांगला शिक्षक याच अडचणीचें सोनें करतो. अर्ध्या वर्गाला तो एक प्रत देतो आणि अर्ध्याला दुसरी, आणि दोन मॅक्बेथ कोठें कोठें निरनिराळ्या जागीं वळतात तें मुलांनाच पाहावयास लावतो. तिसरा आक्षेप शिक्षकांचा आहे व तो सर्वांत बोचणारा. तीस मुलें, एक अरुंद खोली, शेजारीं गणिताचा तास. शिवाय चाकांच्या खुर्चींत बसणाऱ्या मुलानें काय करावें? त्यानें नजर वळवावी, मान वळवावी, श्वास नव्यानें घ्यावा. मूळ गोष्ट विचार वळणें ही आहे. पाय हें त्याचें एक साधन. अरुंद खोलीवर मात्र असें गोड उत्तर नाहीं. तेथें कांहीं शाळा बांकांमधील वाटेचा उपयोग करतात, कांहीं पटांगणांत जातात, आणि पुष्कळ शाळा हा नादच सोडून देतात.

तासाचीं अखेरचीं दहा मिनिटें उरलीं आहेत. शिक्षक आतां सर्वांना स्वस्थ उभें राहावयास सांगतो: पाय हलवावयाचे नाहींत, हात हलवावयाचे नाहींत, आवाजहि चढवावयाचा नाहीं. हॅम्लेटनें नटांना हातांनीं हवा कापीत सुटण्याविरुद्ध बजावलें होतें, त्याची इथें आठवण व्हावी. एकेक जण थोड्या थोड्या ओळी म्हणतो. पूर्वभागांतील त्या मुलाच्या वांट्याला स्वगताचा शेवट येतो. मॅक्बेथ म्हणतो कीं आपल्याला टांच मारण्यासारखें कारणच नाहीं. आहे ती केवळ महत्त्वाकांक्षा, आणि ती घोड्यावर उडी मारूं पाहते व जास्तच जोरानें उडून पलीकडे कोसळते. मुलगा हलत नाहीं. पण विरामाशीं त्याची मान अगदीं किंचित् फिरते, टांचेचा भार या पायावरून त्या पायावर जातो, आणि लांब वाक्याशीं तो पुरेसा श्वास घेऊन निघतो. वाक्य पुरें होत नाहीं. शेक्सपीअरनेंच तें पुरें केलेलें नाहीं. उडी मारणारा पलीकडे पडतो न पडतो तोंच मॅक्बेथची पत्नी आंत येते. मुलगा तोंड उघडें ठेवून तसाच थांबतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून जी मुलगी पुढें येते तिच्याकडे वळून पाहतो.